परदेशात दंगल पेटली तर काय करावं? नाशिकहून निघणाऱ्यांसाठी

पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, येताना गोरखपूर. नाशिकच्या यात्रा ग्रुपांचा हा ठरलेला कार्यक्रम. नेपाळला परदेश म्हणायची आपल्याला सवयच नाही. मतदार ओळखपत्रावर जाता येतं, मग वेगळी तयारी कशाला? पण सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच काठमांडूत ८ तारखेला आंदोलकांवर गोळीबार झाला, ९ तारखेला संसद आणि सिंहदरबार हे सरकारी मुख्यालय जळालं, पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला आणि विमानतळ बंद पडला. तो उघडला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. अशा मधल्या तासांत काय करायचं, तेवढंच इथे लिहितो आहे.

१. परतीचा दुसरा रस्ता घरीच ठरवा

विमान हा पहिला रस्ता. तो बंद झाला तर? काठमांडूहून भारताच्या सीमेवरचा सुनौली नाका, तिथून गोरखपूर, आणि गोरखपूरहून नाशिकरोडला थांबणारी काशी एक्स्प्रेस. हे कागदावर लिहून पाकिटात ठेवा. पावसाळ्यात वाटेतल्या मुगलिंगच्या बाजूला दरडी कोसळतात, म्हणून हातात एक दिवस जास्तीचा धरा. जुलै २०२४ मध्ये बांगलादेश पेटला तेव्हा आपले कितीतरी विद्यार्थी आगरतळ्याजवळच्या आखौरा आणि मेघालयातल्या डावकी नाक्यावरूनच परत आले. बाली किंवा दुबईहून जमिनीचा रस्ता नसतो. तिथे दुसरा रस्ता म्हणजे आणखी चार दिवस राहता येईल एवढे पैसे आणि बीपी-शुगरच्या आठवडाभर जास्तीच्या गोळ्या.

पैशांपैकी काही भाग तिथल्या चलनात, रोख आणि सुट्टा असू द्या. नेट गेलं की मोबाइलवरून पैसे देणं थांबतं आणि एटीएमबाहेर रांग लागते.

प्रवासविमा घेताना 'काय मिळणार नाही' हे पान आधी वाचा. युद्ध, दंगल, नागरी अशांतता हे शब्द बहुतेक वेळा तिथेच सापडतात. गडबड सुरू झाल्यावर घेतलेल्या विम्याचा त्या गडबडीसाठी सहसा उपयोग होत नाही.

२. घरी एकच माणूस नेमा

नेपाळ सरकारने ४ सप्टेंबर २०२५ ला २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली, त्यात व्हॉट्सअ‍ॅपही होतं. बांगलादेशात तर २०२४ च्या जुलैत काही दिवस इंटरनेटच बंद होतं. आपला सगळा कारभार फॅमिली ग्रुपवर चालतो, म्हणून हे महत्त्वाचं. घरातला एक शांत डोक्याचा माणूस निवडा. टीव्ही बघून रडणारा नको. त्याच्याकडे पासपोर्टची झेरॉक्स, हॉटेलचा पत्ता, ड्रायव्हरचा नंबर द्या. रोज ठरलेल्या वेळी साधा फोन किंवा एसएमएस करायचा. मावशी, आत्या, सोसायटीवाले सगळ्यांनी त्यालाच विचारायचं. नाहीतर तुमची बॅटरी नातेवाइकांना धीर देण्यातच संपते.

३. पहिल्या दिवशी जागचे हलू नका

माझं मत विचाराल तर यातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. बातमी आली की लोक लगेच विमानतळाकडे धावतात, किंवा 'जरा बघून येऊ' म्हणून चौकात जातात. दोन्ही चूक. खोलीत पाणी भरून ठेवा, फोन आणि पॉवरबँक चार्ज करा, नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा, बूट हाताशी ठेवा.

याला एक अपवाद आहे. हॉटेलच निशाण्यावर असेल तर थांबू नका. मोठं हॉटेल म्हणजे सुरक्षित, हा समज २०२५ मध्ये काठमांडूतलं हिल्टन जळालं तेव्हा खोटा ठरला. बुकिंग करतानाच सरकारी कचेऱ्या, पक्षांची कार्यालयं आणि मोठे चौक यांच्यापासून दूरची, आतल्या गल्लीतली जागा बघा. जिन्याची दोन्ही तोंडं पहिल्याच दिवशी पाहून ठेवा. आणि कुठे काय चाललं आहे हे काउंटरवरच्या मुलाला विचारा. त्याला रोज त्याच रस्त्याने घरी जायचं असतं.

४. गर्दीत सापडलात तर

हे नाशिककरांना शिकवायची गरज पडू नये. २००३ च्या सिंहस्थात सरदार चौकाच्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी झाली, ३९ जण गेले. तोच नियम परदेशातही: अरुंद गल्ली आणि उतार टाळा, लोंढ्याच्या उलट जाऊ नका, तिरकं सरकत कडेला निघा. हात छातीपुढे ठेवा. पडलेली वस्तू उचलायला वाकू नका, मग ती पाकीट का असेना.

अश्रुधुराची नळकांडी फुटली तर डोळे चोळू नका, वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून निघा, मोकळ्या जागी भरपूर पाण्याने धुवा. लेन्स लावत असाल तर ती काढून चष्मा घाला. पोलीस किंवा लष्कराचं शूटिंग करू नका. घोषणा देऊ नका, तुम्हाला पटत असली तरी. व्हिसा फिरायला मिळालेला असतो.

५. वकिलातीकडून काय अपेक्षा ठेवायची

पोचल्यावर भारतीय दूतावासाकडे नाव नोंदवा, त्यांचा आपत्कालीन नंबर कागदावर लिहून घ्या. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवरही तक्रार टाकता येते. पासपोर्टची वही छापली जाते आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, पण ती परदेशात हरवली तर दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देतो, फक्त भारतात परतण्यापुरतं. अटक झालीच, तर दूतावासाला कळवा असं सांगायचा हक्क तुम्हाला १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार आहे. ते वाक्य शांतपणे, पुन्हापुन्हा म्हणा.

सरकारी विमान दारात येत नाही. २०२२ च्या 'ऑपरेशन गंगा'तही युक्रेनमधल्या भारतीयांना आधी पोलंड, रुमानिया, हंगेरी अशा शेजारी देशांत पोचावं लागलं होतं. मात्र दूतावासाने सांगितल्याशिवाय सीमेकडे निघू नका.

६. निघताना

संचारबंदी शिथिल असेल तेव्हा, दिवसाउजेडी, ओळखीच्या गाडीवाल्याबरोबर निघा. विमान नक्की उडणार हे कंपनीकडून कळल्यावरच विमानतळाकडे जा. तिकिटाची छापील प्रत जवळ असू द्या. नाक्यावरचा शिपाई तुमच्या फोनमध्ये डोकं घालत बसत नाही. गाडी थांबवली तर काच खाली करा, हात दिसू द्या, विचारलं तेवढंच बोला. सुनौली ओलांडली की त्या एका माणसाला फोन करा. बाकीच्यांना तो सांगेल.