सर्फबोर्डला इपॉक्सी लावताय? ठाण्याच्या हवेत हे आधी वाचा

ब्लँक, म्हणजे बोर्डाचा आतला फोमचा गाभा, थर्माकोलचा म्हणजे ईपीएसचा असेल तर इपॉक्सी रेझिनच लागतं, यात वादच नाही. रबाळ्याला एफआरपीचं (फायबरग्लासचं) काम करणारा कुणीतरी हमखास सांगणार की साधं पॉलिस्टर रेझिन घ्या, स्वस्तात होतं. ऐकू नका. त्यातलं स्टायरिन थर्माकोल खाऊन टाकतं, बघता बघता खड्डे पडतात. पीयू (पॉलियुरेथेन) फोमच्या ब्लँकवर पॉलिस्टर लावा की खुशाल.

दुकानात नुसतं 'इपॉक्सी' म्हणालात तर टेबल आणि फोटोफ्रेमवालं ओतायचं रेझिन गळ्यात मारतील. ते नको. लॅमिनेटिंग रेझिन मागा, पातळ, ब्लँकवर चढवायच्या फायबरग्लासच्या कापडात पटकन मुरणारं, यूव्ही स्टॅबिलायझर असलेलं, आणि सोबत स्लो हार्डनर, म्हणजे रेझिनला सावकाश घट्ट करणारा दुसरा भाग. डब्यावरचा पॉट लाइफ, म्हणजे मिसळल्यावर रेझिन वापरता येण्याचा वेळ, बहुतेक वेळा २५ अंशांचा असतो, तापमान १० अंशांनी वाढलं की तो साधारण निम्म्यावर येतो, आणि मे महिन्यात वागळे इस्टेटच्या पत्र्याच्या गाळ्यात २५ अंश कुठून आणणार?

शेपिंग, पॉलिश पेपर, ब्लँकची भोकं बुजवणं, कापड कापणं हे सगळं झालंय असं धरतो.

आता मिक्सिंग, इथेच सगळं बिघडतं आणि सुरुवातीला मलाही इथेच घाम फुटायचा. 'पावसाळा आहे, दोन थेंब हार्डनर जास्त टाक, लवकर सुकेल' हा सल्ला देणाऱ्याला गाळ्याबाहेर काढा. पॉलिस्टरला घट्ट करणारा कॅटॅलिस्ट थोडा कमीजास्त चालतो, इपॉक्सीचा हार्डनर चालत नाही, तो रेझिनशी ठरलेल्या प्रमाणातच जोडला जातो. जास्त टाकला तर उरलेला तसाच आत राहतो आणि बोर्ड मऊ, चिकट राहतो, मग महिनाभर उन्हात ठेवा नाहीतर देवासमोर ठेवा.

डब्यावरचं प्रमाण मापाचं आहे की वजनाचं ते नीट बघा. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो, म्हणून मापाने २:१ असेल तर वजनाने तो अर्ध्यापेक्षा कमी भरतो, आणि किचनच्या काट्यावर १०० ला ५० टाकलं की झालं वाटोळं. कंपनीने दिलेला वजनाचा आकडाच धरा. तीन मिनिटं ढवळा, कडा आणि तळ खरवडून, मग दुसऱ्या कपात ओतून परत ढवळा, कारण पहिल्या कपाच्या कडेला कच्चं रेझिन चिकटलेलं असतं. आणि कपात ठेवून फोन घेत बसू नका, कप गरम होतो, मग धूर येतो. लगेच बोर्डावर ओता किंवा पसरट ट्रेमध्ये काढा. रेझिन साधारण कापडाच्या वजनाइतकं पुरतं, स्क्वीजीने (रबरी पट्टीने) जास्तीचं ओढून काढा, कापडाची वीण दिसली पाहिजे.

वेळ संध्याकाळची, ऊन उतरल्यावर. सकाळी लावलं तर गाळा तापत जातो, थर्माकोलमधली हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढते. संध्याकाळी फोम थंड होत असतो, हवा आत ओढली जाते.

जुलै-ऑगस्टमध्ये तर मी एसीच्या खोलीशिवाय हात लावत नाही. दमट हवेत वर तेलकट, मेणचट थर येतो. त्यावर थेट घासलं तर पेपर भरतो आणि पुढचा कोट धरत नाही. आधी पाणी आणि स्कॉचब्राइटने धुवा, पूर्ण सुकू द्या, मग घासा.

दुसरी बाजू, हॉटकोट (कापडावरचा रेझिनचा पुढचा थर), सँडिंग, फिन बसवणं नेहमीसारखंच.

बोर्ड हाताला कडक लागला तरी आठवडाभर पाण्यात नेऊ नका. आणि ग्लोव्हज नायट्रिलचेच. अंगाला लागलं तर थिनरने पुसू नका, त्याने ते कातडीत आणखी मुरतं, साबणाने धुवा. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा लागली की सहसा जात नाही, मग पुढचे बोर्ड दुसऱ्याकडून करून घ्यावे लागतात.