इंग्रजीतले दोन ‘व’ कसे शिकवावेत

मराठीत ‘व’ एकच, इंग्रजीत दोन. बनियन या अर्थाच्या ‘व्हेस्ट’मधला वरचे दात खालच्या ओठाला टेकवून येतो, तर पश्चिम या अर्थाच्या ‘वेस्ट’मधला ओठांचा चंबू करून. आपला ‘व’ या दोहोंच्या मधला, म्हणून शिकणाऱ्याला फरक ऐकूच येत नाही. वर्गात त्यांना ‘दाताचा’ आणि ‘ओठाचा’ म्हणावं.

१. आधी कान. जोड्या घ्या: व्हेस्ट–वेस्ट, व्हेट (जनावरांचा डॉक्टर)–वेट (ओला), व्हाइन (वेल)–वाइन. कागदाने तोंड झाकून एकेक शब्द म्हणा. दाताचा वाटला तर मुलांनी एक बोट वर करायचं, ओठाचा वाटला तर दोन. २० शब्दांची उलटसुलट यादी आधीच लिहून ठेवा. आयत्या वेळी आपण नकळत आलटूनपालटून म्हणतो आणि मुलं आवाजाऐवजी क्रम ओळखतात. १६ बरोबर येईपर्यंत उच्चार करायला लावू नका.

२. मग तोंड, समोर आरसा किंवा मोबाइलचा कॅमेरा. दाताचा: दातांची कड ओठाच्या आतल्या बाजूला हलकेच टेकवून आवाज ३ सेकंद लांबवा. ओठाला गुदगुल्या झाल्या की जमलं. ओठ घट्ट चावला तर हवा अडते. गळ्यावर ठेवलेल्या बोटांना कंप लागला नाही, तर ‘व्हॅन’चा ‘फॅन’ होतो.

ओठाचा: ‘ऊ’ म्हणून सरळ पुढच्या स्वरावर घसरा, ऊ-एस्ट. दात दिसता कामा नयेत. ‘वुड’, ‘वुल’ शेवटी घ्या. पुढचा स्वरही ‘उ’ असल्याने सुरुवातीचा ‘व’ गिळला जातो.

३. लिपीचा घोटाळा इथेच मिटवा. देवनागरीतल्या ‘व्ह’मुळे मुलं ‘व’ला ‘ह’ची फुंकर जोडतात. फुंकर लांबवता येत नाही, दाताचा आवाज लांबवता येतो; तीच कसोटी. शिवाय ‘व्हॉट’, ‘व्हाइट’, देवमासा ‘व्हेल’ हे आपण ‘व्ह’ने लिहितो, पण आज बहुतेक ठिकाणी ते ओठाचे. म्हणून इंग्रजी स्पेलिंग बघायला लावा: ‘व्ही’ असेल तर दाताचा, ‘डब्ल्यू’ असेल तर ओठाचा. ‘ऑव्ह’मध्ये अक्षर ‘एफ’ असून आवाज दाताचा, आणि ‘वन’ या आकड्यात ‘डब्ल्यू’ नसूनही ओठाचा. असे शब्द पाठच करावेत.

४. शेवटी मिसळ. एकच आवाज घोटला की मुलं सगळीकडे दात लावू लागतात आणि ‘वेल’मधलाही दाताचा होतो. त्यामुळे त्याच तासात ‘व्हेरी वेल’, ‘वन व्होट’ म्हणून घ्या. चुकलं तर बोलणं तोडू नका, स्वतःच्या दाताकडे किंवा ओठाकडे बोट दाखवा. मग ‘वेव्ह’ आणि ‘ट्वेल्व्ह’ द्या: या शब्दांत दोन्ही ‘व’ आहेत, आधी चंबू, शेवटी दात. अदलाबदल झाली तर आरशात लगेच दिसते.