परीकथांच्या भयकारी पुनर्कथनात या चुका टाळा

लहानपणी ऐकलेली परीकथा प्रौढ वाचकांसाठी मनाच्या अंगाने नव्याने लिहिणारी हस्तलिखिते माझ्याकडे सतत वाचायला येतात, आणि त्यांतील बहुतेक एकाच ठिकाणी घसरतात: लेखक रक्तपात वाढवतो आणि कथा गडद झाली असे मानतो. रक्त तर मुळातच आहे. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या सिंड्रेलात बुटात पाय बसावा म्हणून एक सावत्र बहीण अंगठा छाटते, दुसरी टाच. त्यांच्या हातात सुरी देते ती त्यांची सख्खी आई, राणी झाल्यावर पायी चालावे लागणार नाही असे समजावत. हादरवते ते हे समजावणे, आणि नवे लेखक नेमके तेच गाळून जखमेचे वर्णन लांबवतात.

दुसरी चूक मला अधिक छळते. ग्रिम बंधूंच्याच ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’वरच्या, म्हणजे आईबापांनी जंगलात सोडलेली दोन भावंडे चेटकिणीच्या तावडीत सापडतात त्या कथेवरच्या, एका हस्तलिखितात चेटकिणीला हिंसक बालपण दिले होते, प्रत्येक प्रकरणात त्याच्या आठवणी पेरल्या होत्या आणि शेवटी सारा प्रकार ग्रेटेलचा भ्रम होता असे सांगून लेखक मोकळा झाला होता. बापाच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद आला होता. मी त्याला मूळ कथा पुन्हा वाचायला लावली. तिथे जंगलात मुले निर्धास्त बसतात, कारण कुऱ्हाडीचे घाव ऐकू येत असल्याने बाप जवळच आहे असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात तो आवाज वाळक्या झाडाला बांधलेल्या आणि वाऱ्याने आपटणाऱ्या फांदीचा असतो. ती फांदी बापानेच बांधलेली असते. मुलांना सोडायला आधी नकार देणाऱ्या त्या माणसाने फांदी शोधली, गाठ पक्की केली आणि मगच तो निघाला, हे ज्याला दिसले त्याला चेटकिणीच्या बालपणाची गरज उरत नाही. ‘सगळा भ्रम होता’ ही निव्वळ पळवाट आहे.

माझी सवय अशी की जुनी कथा हाताने उतरवून घ्यावी आणि जिथे कृती सांगितली आहे पण मन सांगितलेले नाही तिथे समासात खूण करावी. हे काम वेळखाऊ आहे, आणि पहिले प्रकरण लगेच लिहून मोकळे होऊ पाहणाऱ्यांना ते नकोसे वाटते; पण त्यांच्या घाईची किंमत पुढे प्रत्येक पानावर दिसते.

हाती कोणती आवृत्ती आहे हेही पाहावे. ग्रिम बंधूंच्या कथासंग्रहाच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हॅन्सेल-ग्रेटेलला टाकून द्या म्हणणारी त्यांची सख्खी आई आहे. १८४० च्या चौथ्या आवृत्तीत ती सावत्र झाली. सख्खी आई असे करूच शकत नाही, हे मानण्याची गरज कोणाला आणि का पडली, हा प्रश्न एका पुनर्कथनाला पुरून उरेल.

पात्रांच्या तोंडी मानसशास्त्राची परिभाषा घालू नये. लाल टोपीवाल्या मुलीच्या कथेतला लांडगा म्हणजे कोण, हे दुसऱ्याच पानावर उघड करू नये. आणि त्या मुलीला शेवटी मारणे हे नवे धाडस समजू नये, कारण फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७ च्या कथेत लांडगा तिला खातो आणि तिला सोडवायला कोणीही येत नाही. तिथेच शेवट करायचा असेल तर तिला एकटीला आजीकडे पाठवणाऱ्या आईविषयी लिहावे.