पोर्ट्रेटसाठी प्राइम घेताय? आधी टेप काढा

प्राइम, म्हणजे झूम न होणाऱ्या लेन्सची किंमत बघण्याआधी हॉल मोजून घ्या. पोर्ट्रेट म्हटलं की जो तो ‘८५ घे’ (म्हणजे ८५ मिलिमीटरची लेन्स) म्हणतो, पण फोटो काढणार कुठे हे कुणी विचारत नाही. क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेरा बॉडीवर ८५ लावून उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचा तर जवळजवळ सात मीटर, म्हणजे तेवीस फूट मागे जावं लागतं. बारा फुटी हॉलमध्ये भिंतीला पाठ टेकवली तरी कमरेखाली उतरता येत नाही. अशा बॉडीवर ५० घ्या, ती फुल फ्रेमवरच्या ७५-८० सारखी वागते. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची बॉडी असेल आणि फोटो बाहेर, अंगणात काढणार असाल, तर खुशाल ८५.

खात्री नसेल तर किट लेन्सची, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सची झूम रिंग ५० वर चिकटपट्टीने डकवा आणि एक रविवार तेवढ्यावरच काढा. आईला खिडकीशी बसवा. मग पट्टी काढून १८ वर, तिचा चेहरा तेवढाच मोठा दिसेपर्यंत जवळ जाऊन एक फोटो घ्या. नाक पुढे येतं, कान मागे पळतात. ही करामत लेन्सची नाही, अंतराची. लांब लेन्स आपल्याला मागे उभं करते, इतकंच.

ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक; आकडा जितका लहान तितकं ते मोठं) १.८ पुरे. १.४ साठी बरेच जास्त पैसे मोजून वापरणार किती? फुल फ्रेमवर ८५ ने दीड मीटरवरून १.८ ला काढलं तर पुढे-मागे मिळून जेमतेम तीन सेंटिमीटर शार्प मिळतं. मान जरा वळली की एक डोळा लख्ख, दुसरा मऊ. मी बहुतेक वेळा २.८ वरच असतो.

निकॉनची डी ३५०० किंवा डी ५६०० असेल तर बॉडीत फोकस मोटर नाही. निकॉनची जुनी एएफ-डी लेन्स स्वस्त मिळते, पण तिच्यातही मोटर नसते, म्हणून फोकस हाताने करावा लागतो.

सेकंडहँड घेताना मोबाइलचा टॉर्च मागून लावून आरपार बघाच. मी एकदा ट्यूबलाइटखाली बघून ‘स्वच्छ आहे’ म्हणत घेतली. घरी टॉर्च मारला तर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. बुरशी.

दुकानात स्वतःची बॉडी, स्वतःचं कार्ड न्या. दुकानदाराचाच चेहरा १.८ ला काढा, स्क्रीनवर मोठा करून पापण्या मोजता येतात का बघा. तो वैतागेल. तरी दहा काढा.