जुन्या बोटीच्या इंजिनाचं वायरिंग: सेल्फ बदलण्याआधी या चुका टाळा

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत कोकण किनाऱ्यावर नौका शाकारल्या जातात आणि इंजिन दोन महिने खाऱ्या, दमट हवेत पडून राहतं. ऑगस्टमध्ये चावी फिरवली की नुसतं 'टक्' होतं. मग आधी बॅटरी बदलली जाते, मग सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) उतरवून रिपेअरला जातो, आणि सगळं परत बसवलं तरी आवाज तोच. जुन्या डिझेल इंजिनात दोष बहुतेक वेळा सेल्फमध्ये किंवा डायनामोत (बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरमध्ये) नसतो. तो त्यांना जोडणाऱ्या तारेत, लगमध्ये (तारेच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीत), टेप गुंडाळलेल्या सांध्यात असतो. हंगामाचे पहिले दिवस सगळ्यात मोलाचे, ते चांगली वस्तू बदलण्यात जाऊ नयेत.

मीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणजे तार चांगली, असं धरू नका

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही. त्यामुळे आतून तुटत आलेली, दोन-चार तारांवर टिकलेली केबलसुद्धा त्याला पूर्ण १२.६ दाखवते. खरं काय ते भार पडल्यावर कळतं. समजा, हिरवा कळंक चढलेल्या एका लगचा रेझिस्टन्स अवघा ०.०१ ओहम आहे. केबिनचा दिवा २ अँपिअर ओढतो, म्हणजे तिथे ०.०२ व्होल्ट जातात आणि दिवा लख्ख लागतो. सेल्फने २०० अँपिअर मागितले की त्याच लगमध्ये २ व्होल्ट जळून जातात. म्हणून 'दिवे झकास लागतायत, म्हणजे बॅटरीची लाइन ठीक आहे' हा तर्क फसवा आहे.

मोजायचं ते सेल्फ मारत असताना. गिअर न्यूट्रलला ठेवा, स्टॉप लिव्हर ओढून धरा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि बेल्टजवळ कुणाचा हात नाही हे पाहा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरा. क्लॅम्पवर नको, थेट शिशाच्या खांबावर. दुसरी पिन सेल्फच्या बॉडीवर, रंग नसलेल्या जागी. दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. १२ व्होल्टच्या बोटीवर इथे ०.५ व्होल्टच्या वर आकडा गेला, तर निगेटिव्हच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे. तसंच पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत मोजा. मग एकेक सांधा धरून पुढे सरका: खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते लग, मेन स्विचच्या अलीकडे आणि पलीकडे. आकडा जिथे उडी मारतो तिथेच दोष. दोन्ही बाजू चांगल्या निघाल्या आणि सेल्फ मारताना बॅटरीच्या खांबावर व्होल्टेज ९.६ च्या खाली बसत असेल, तर बॅटरी तपासून घ्या.

एक गोष्ट विसरलीत तर वायरिंगच्या दोषापायी इंजिन जाईल. ज्या इंजिनाचा एक्झॉस्ट समुद्राच्या पाण्याने थंड होतो, तिथे इंजिन सुरू न होता सेल्फ मारत राहिलात, तर पंप मफलरमध्ये पाणी भरत राहतो आणि ते उलटं सिलिंडरमध्ये शिरू शकतं. वारंवार सेल्फ मारायचा असेल तर पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवा, आणि इंजिन सुरू झाल्याक्षणी तो उघडा. दहा-पंधरा सेकंदांहून जास्त सलग मारू नका, मध्ये सेल्फला थंड होऊ द्या.

निगेटिव्हकडे दुर्लक्ष

लाकडी किंवा फायबरच्या बोटीला ट्रकसारखी चासी नसते. इंजिनाकडून बॅटरीकडे परत येणारी वाट म्हणजे ती एकच जाड केबल. तिचा बोल्ट ब्लॉकवर बसतो तिथे गंज आणि वर रंगाचे थर असतात. बोल्ट सोडून जागा काचपेपरने धातू चमकेपर्यंत घासा, पक्कं आवळा आणि मगच वरून ग्रीस लावा.

नुसतं 'टक्' होतंय आणि जाड केबली चांगल्या निघाल्या, तर संशय चावीच्या लाइनवर घ्या. बॅटरीपासून व्हीलहाऊसपर्यंत आणि तिथून परत सॉलेनॉइडपर्यंत (सेल्फवरचा, चावीने चालणारा विजेचा स्विच) लांबचा फेरा मारणारी बारीक तार, मध्ये बहुपिनी प्लग, जुनी चावी: प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं व्होल्टेज गळतं. गिअर न्यूट्रल असल्याची परत खात्री करून बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून फ्यूज लावलेली एक तात्पुरती तार सॉलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलला क्षणभर लावा. सेल्फ जोरात फिरला तर तो निर्दोष आहे. तो प्लग उघडून पाहा, आत काळपट किंवा वितळलेली पिन सापडण्याची शक्यता मोठी. दुरुस्तीनंतर इंजिनाजवळ रिले (थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) बसवून घेतला तर चावीवरचा भार कायमचा कमी होतो.

सांधे

दोन तारांना पीळ देऊन वर टेप हा सांधा समुद्रात टिकत नाही. टेपखाली ओल राहते आणि तांबं इन्सुलेशनच्या आतून काळं पडत जातं. तार सोलून पाहा. काळी निघाली तर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा, नाहीतर पूर्ण लांबी बदला. घराच्या वायरिंगची एकेरी जाड तार इंजिनाच्या कंपनाने तुटते, तिथे कल्हई केलेली बहुतारी मरीन केबलच हवी. लग योग्य पक्कडीने दाबा आणि वर आत गोंद असलेली हीटश्रिंक नळी चढवा. नुसत्या डागावर (सोल्डरवर) भिस्त ठेवू नका, डाग संपतो तिथे तार ताठ होऊन मोडते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सांध्यावर लावाल तर त्यातलं आम्लच तांबं खाईल.

डायनामो चार्ज करतोय का हे पाहायला चालत्या इंजिनावर बॅटरीची तार काढण्याची सवय अजून अनेक बंदरांवर आहे. त्याने अल्टरनेटरचे डायोड एका क्षणात जाऊ शकतात. चालत्या इंजिनावर मेन स्विच बंद करणं त्याच कारणाने घातक. त्याऐवजी बॅटरीवर मोजा: १३.८ ते १४.४, आणि २४ व्होल्टच्या बोटीवर २७.६ ते २८.८. अल्टरनेटरच्या बोल्टवर हा आकडा आहे पण बॅटरीवर नाही, तर मधली तार बघा. बोल्टवरही नाही, तर आधी बेल्टचा ताण आणि पॅनेलवरचा चार्जिंगचा लाल दिवा. पुष्कळ जुन्या अल्टरनेटरना चार्जिंग सुरू करायला लागणारा करंट त्या दिव्यातूनच मिळतो, म्हणजे बल्ब उडाला की चार्जिंग बंद.

फ्यूज पुन्हा पुन्हा जातो म्हणून त्या जागी तांब्याची तार किंवा मोठा फ्यूज लावू नका. फ्यूज तारेला वाचवायला असतो. तो काढलात की डिझेलने माखलेल्या इंजिनखोलीत पुढची जळणारी गोष्ट तारच असेल. बहुतेकदा गरम मॅनिफोल्डला (इंजिनाच्या धुराच्या नळीला) किंवा ब्रॅकेटला टेकून सोललेली एखादी जागा सापडते, ती शोधा.

शेवटची तपासणी सगळं बंद करून. पॉझिटिव्ह केबल काढा, खांब आणि केबल यांच्यामध्ये १२ व्होल्टचा छोटा बल्ब लावा. बल्ब पेटला तर करंट कुठेतरी जातोय. बिल्ज (बोटीच्या तळातली पाणी साचण्याची जागा) उपसणाऱ्या पंपाची पॉझिटिव्ह तार पाण्यात बुडालेल्या सांध्यातून गळत असेल, तर बॅटरी उतरतेच, शिवाय तो करंट पाण्याखालचे व्हॉल्व्ह आणि पंखाही वेगाने खातो. बल्ब न पेटताही थोडी गळती असू शकते, म्हणून त्याच जागी मीटर अँपिअरवर लावून बघा, आकडा काही मिलिअँपिअरच्या वर नको. मीटर तसाच लावलेला असताना सेल्फ मात्र मारू नका. पंपाचा सांधा बिल्जच्या पाण्याच्या वर उचलून बांधा.