वजन उचलण्याच्या कामाची पाहणी: या चुका टाळा

गोदामं, कारखाने, मार्केट यार्ड इथं वजन उचलण्याच्या कामाची पाहणी करून आलेल्यांचे अहवाल माझ्याकडे तपासायला येतात. फिजिओथेरपीची मुलं असतात, सेफ्टीचा डिप्लोमा करणारी असतात, कधी डॉक्टरही असतात. आकडेमोड बहुतेकांची बरोबर असते. चूक होते ती आकडा घेण्याच्या आधी, आणि दरवर्षी त्याच त्या जागी.

दाखवण्यापुरतं केलेलं काम मोजणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. भिवंडीकडच्या एका गोदामाचा अहवाल आला होता. १५ किलोचे खोके, निष्कर्ष ‘धोका नगण्य’, सोबत फोटो. फोटोत लोडर गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून, खोका पोटाशी धरून उभा. भिंतीवरच्या पोस्टरमधलं चित्रच जणू! मला तिथंच शंका आली. विचारल्यावर कळलं, सकाळी काम थंड असताना सुपरवायझरने एकाला हाक मारून ‘दाखव रे यांना’ म्हटलं होतं. मुलांनी तेच मोजलं आणि जेवायच्या आत परतली.

संध्याकाळी गाड्या लागतात त्या वेळी त्यांना घेऊन मी स्वतः गेले. पॅलेट भिंतीला चिकटून लावलेलं, पलीकडून जायला वाट नाही. मागच्या रांगेतला खोका काढायचा तर तोच माणूस कडेला मांड्या टेकवून पुढे झुकत होता, खोका बोटांनी ओढत होता आणि तसाच कमरेतून वळून माल वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर ठेवत होता. घोट्यांपासून हातांपर्यंतचं आडवं अंतर भरलं ६० सेंटिमीटर.

नायॉश ही कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणारी अमेरिकी सरकारी संस्था. किती वजन उचलणं ठीक, हे काढायच्या तिच्या १९९१ च्या सुधारित सूत्रात सुरुवात २३ किलोपासून होते. सगळं मनासारखं असेल तेव्हाचा हा आकडा. आडवं अंतर २५ सेंटिमीटरच्या पुढे गेलं की २५ भागिले अंतर या गुणकाने तो घटतो. ६० ला २३ चे साडेनऊच उरले. त्यात हात जमिनीपासून २० सेंटिमीटरवर, पट्ट्यापर्यंत ९० सेंटिमीटरची उचल आणि ४५ अंशांचं वळण. हे सगळं लावल्यावर शिफारसीचं वजन सहा किलोवर आलं. खोका १५ चा, म्हणजे लिफ्टिंग इंडेक्स (प्रत्यक्ष वजन भागिले शिफारसीचं वजन) अडीच. मिनिटाला किती खोके आणि पकड कशी, हे अजून धरलेलंच नव्हतं. इंडेक्स १ च्या वर गेला की कामात बदल हवा, आणि या मुलांनी ‘नगण्य’ लिहून सही केली होती.

पॅलेट भिंतीपासून पुढे ओढून चारी बाजूंनी फिरायला जागा केली. अंतर ३० वर आलं, इंडेक्स सव्वावर. खालचा थर अजून त्रास देतोच, पण निम्मा भार एका दुपारीत उतरला.

माझी सवय सांगते. पहिला तासभर टेप पिशवीतून काढायचाच नाही. गाडी रिकामी होत असताना, कुणाच्या पायात न येता, बाजूला उभं राहून बघायचं. थकल्यावर माणूस कसा उचलतो ते दिसू द्यायचं. ज्यांना हा एक तास जड वाटतो त्यांनी पाहणीच्या कामात पडू नये.

अंतर बुटाच्या टोकापासून मोजणं. दोन्ही घोट्यांच्या मधल्या बिंदूपासून मोजा. आणि खोका जपून ठेवावा लागत असेल तर उचलताना मोजता तसं ठेवतानाही मोजा.

मिळेल ते साधन लावणं. रूला ही शरीराची ठेवण बघून गुण देण्याची पद्धत हात, मान, खांद्यांच्या कामासाठी आहे, पोतं उचलण्यासाठी नाही. आणि नायॉशचं सूत्र पाठीवर पोतं घेऊन चालणाऱ्या हमालाला लागू होत नाही. ते दोन्ही हातांनी उचलण्यापुरतं आहे.

‘५० किलो चालतं’ असं गृहीत धरणं. धान्याचं, साखरेचं पोतं पूर्वी १०० किलोचं असे. ते कमी व्हावं म्हणून हमालांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली. पण १०० वरून ५० वर येणं हा सोसण्यातला फरक आहे, सुरक्षिततेचा दाखला नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीतले ५५ किलो ही प्रौढ पुरुषासाठीची कमाल मर्यादा आहे. तिथपर्यंत बिनधास्त उचला, असा तिचा अर्थ नाही.

‘प्रेरणेचा अभाव’ लिहून मोकळं होणं

हे वाक्य वाचलं की मला राग येतो. माणूस सवय कशी बदलतो याच्या प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या पायऱ्या पाठ केलेल्या असतात, मग समोरच्याला पहिल्या पायरीवर, म्हणजे बदलाचा विचारही नसलेल्यांत, बसवलं की काम संपलं. विचारतात कसं? मुकादम शेजारी उभा असताना, ‘ट्रॉली वापरायची किती तयारी आहे, ० ते १० मध्ये सांगा.’ माणूस म्हणतो ४. लगेच पुढचा प्रश्न, ‘चारच का? आठ का नाही?’ झालं! आता तो बिचारा आपल्या चारची बाजू मांडत बसतो. वेळ नाही, जागा नाही, सवय नाही. न बदलण्याची कारणं तुम्हीच त्याच्या तोंडून वदवून घेतलीत.

प्रश्न उलटा विचारा. ‘मामा, ४ म्हणालात, १ का नाही म्हणालात?’ मग उत्तर येतं, ‘मागं कंबर धरली तेव्हा आठवडाभर खाडे पडले, मजुरी बुडाली.’ हे त्याचं स्वतःचं कारण आहे. बोलणं तिथून पुढे न्यायचं.

दुसरं, महत्त्व आणि खात्री वेगवेगळी विचारा. हे किती गरजेचं वाटतं, आणि जमेल याची किती खात्री आहे? पहिल्याला ९ आणि दुसऱ्याला २ असं उत्तर मिळालं तर प्रेरणा भरपूर आहे, अडचण दुसरीकडे आहे. अख्ख्या टोळीत एक ट्रॉली, तिचं चाक अडकतं, आणि मजुरी नगावर. ट्रॉली आणायला गेला तर तेवढ्या वेळात दोन पोती कमी उतरतात. असा माणूस ट्रॉली टाळतो तेव्हा तो हिशेब करत असतो. अहवालात त्याच्या स्वभावाबद्दल लिहिण्याआधी मजुरीची पद्धत, ट्रॉल्यांची संख्या आणि टोळीतली माणसं लिहा.

आणि हे सगळं मुकादमापासून दूर, टोळी चहाला बसली की विचारा. उभ्या उभ्या फॉर्म भरून घ्यायची घाई नको.

कमरेचा पट्टा सुचवणं. दुखणं नसलेल्या कामगाराला पट्ट्याने संरक्षण मिळतं याला पुरावा नाही, हे नायॉशने १९९४ मध्येच सांगितलं. उलट पट्टा बांधल्यावर जास्त उचलता येईल असं वाटू लागतं.

सगळी भिस्त प्रशिक्षणावर ठेवणं. उचलण्याची पद्धत शिकवून पाठदुखी टळत नाही, असंच कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०११ च्या आढाव्यातून दिसलं. ‘कामगारांना योग्य पद्धतीने उचलण्याचं प्रशिक्षण द्यावं’ एवढीच शिफारस असलेला अहवाल मी परत पाठवते. आधी पॅलेटची जागा, खोक्याचं वजन, सगळ्यात खालच्या थराची उंची, कामाचा वेग यांत काय बदलायचं ते लिहा. प्रशिक्षण त्याच्या खाली.