दोन इंटरनेट लाइन, एक राउटर: या चुका टाळा

व्हिडिओ बैठका एका लाइनवरून आणि बॅकअप दुसरीवरून, ही व्यवस्था उत्तम आहे; मात्र ती बसवताना त्याच त्या चुका मला वर्षानुवर्षे दिसत आल्या आहेत.

सर्वांत त्रासदायक चूक म्हणजे कोणते काम कोणत्या लाइनचे हे न ठरवता सगळा भार सरसकट वाटून टाकणे. एका हिशेबनिसांच्या कार्यालयात बँकेच्या संकेतस्थळावरून वारंवार लॉगआउट होत असे. तिथल्या मंडळींनी ब्राउझर बदलला, पासवर्ड बदलला आणि अखेरीस एक संगणक फॉरमॅटही केला. त्यांच्या मायक्रोटिक कंपनीच्या राउटरची सेटिंग उघडल्यावर पीसीसीची, म्हणजे जोडण्या दोन लाइनींत विभागणाऱ्या नियमाची, वाटणी आयपी पत्ते आणि पोर्ट (प्रत्येक जोडणीचे क्रमांक) या दोन्हींवरून केलेली आढळली. त्यामुळे एकाच संगणकाची एक जोडणी फायबरवरून, तर पुढची केबलवरून जात होती, आणि मध्येच वेगळा आयपी पत्ता दिसताच बँक लॉगिन मोडत होती, जे सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच होते. वाटणी केवळ संगणकाच्या पत्त्यावरून करताच तक्रार थांबली. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मुक्त प्रणालीत अनेक लाइन सांभाळणाऱ्या एमवॅन३ या पॅकेजमध्ये यासाठी स्टिकी हा, संगणकाला काही काळ त्याच लाइनवर ठेवणारा, पर्याय आहे. मी मात्र आधी कोणते यंत्र कोणत्या लाइनवर हे कागदावर लिहितो, प्रत्येकाला डीएचसीपीतून (राउटरच्या पत्ते वाटणाऱ्या सेवेतून) कायमचा पत्ता देतो आणि मगच नियम लिहितो. व्हिडिओतल्या आज्ञा न समजता उतरवून घेणारे नवशिके नेमका या तयारीचाच अर्धा तास वाचवू पाहतात आणि पुढे कित्येक दिवस गमावतात.

दुसरी चूक म्हणजे लाइन चालू आहे का हे केवळ गेटवेला, म्हणजे लाइनच्या मोडेमला, पिंग करून (उत्तर येते का हे तपासून) ठरवणे. बाहेर फायबर तुटली तरी घरातला मोडेम उत्तर देतच राहतो आणि राउटर मृत लाइनवर वाहतूक ढकलत राहतो. म्हणून १.१.१.१ आणि ८.८.८.८ यांसारखे बाहेरचे दोन पत्ते त्या त्या लाइनवरूनच तपासावेत. चाचणी घेताना राउटरची वायर नव्हे, तर मोडेममागची फायबर काढावी, असा माझा आग्रह असतो.

दोन्ही मोडेमना १९२.१६८.१.१ हाच पत्ता ठेवू नये. मायक्रोटिकमध्ये फास्टट्रॅक (नियम टाळून वाहतूक वेगाने पुढे पाठवणारी सोय) चालू असेल, तर कोणती वाहतूक कोणत्या लाइनवर हे ठरवणाऱ्या मँगल नियमांच्या खुणा बहुतेक पॅकेटांना लागतच नाहीत. एका इंटरनेट कंपनीचा डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणारा सर्व्हर) दुसऱ्या कंपनीच्या लाइनवरून अनेकदा उत्तर देत नाही. सीजीनॅटच्या लाइनवर, म्हणजे जिथे अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता असतो तिथे, सीसीटीव्ही बाहेरून पाहण्यासाठी पोर्ट फॉरवर्ड करण्यात वेळ घालवू नये. एकाच फाइलच्या डाउनलोडचा वेग दुप्पट होईल, ही अपेक्षाही सोडावी, कारण एक जोडणी एकाच लाइनवरून जाते. आणि दुसरी लाइन घेण्यापूर्वी तिची केबल त्याच खांबावरून येते का, हे स्वतः खाली उतरून पाहावे.